मदत हवी आहे: बायोप्सीनंतर आयएचसी ही पुढची तपासणी सांगितली, म्हणजे कॅन्सरच का?

मंडळी, बडोद्याहून लिहितेय. वय ४३. ज्यांनी स्वतः किंवा घरात हे पाहिलंय त्यांनी कृपया सांगा. रोज रात्री तीनपर्यंत मोबाइलवर वाचत बसते आणि सकाळी आणखी घाबरलेली असते.

जुलैच्या सुरुवातीला पावडर लावताना डाव्या हासळीच्या हाडावरच्या खळगीत बोटाला गाठ लागली. भिजवलेल्या चण्याएवढी, टणक, अजिबात न दुखणारी. दुखत नाही म्हणून मी निर्धास्त होते. डॉक्टरांनी नेमकं उलट सांगितलं: दुखरी गाठ बहुधा जंतुसंसर्गाची असते, पण न दुखणारी, त्यातून हासळीवरची, तपासायलाच हवी. आठवडाभर अँटिबायोटिक घेतलं, गाठ जागची हलली नाही. सोनोग्राफीत १.८ सेंटीमीटर. एक्स-रे स्वच्छ. सुईच्या तपासणीत 'एटिपिकल लिम्फॉइड सेल्स', म्हणजे नेहमीपेक्षा वेगळ्या दिसणाऱ्या लसिका पेशी, एवढंच आलं, त्यावरून काहीच ठरेना.

मधे एका डॉक्टरांनी 'टीबीचीच असणार' म्हणून सरळ सहा महिन्यांची औषधं लिहून दिली. आपल्याकडे मानेतली गाठ पुष्कळदा टीबीची निघते, हे खरं. पण एकाही तपासणीत टीबी दिसला नसताना गोळ्या सुरू करायला माझं मन घेईना. दुसऱ्या सर्जनकडे गेलो. त्यांनी अख्खी गाठ काढली. एक तुकडा फॉर्मेलिनमध्ये ठेवला, दुसरा सलाइनमध्ये, कारण फॉर्मेलिनमध्ये टीबीचे जंतू मरतात आणि मग कल्चर, म्हणजे जंतू वाढवून पाहणं, करता येत नाही. दोन्ही डब्या ह्यांच्या हातात दिल्या, लॅबमध्ये तुम्हीच पोचवा म्हणून. झाकणावर मार्करने माझं नाव. ओल्या हाताने ते पुसेल म्हणून ह्यांनी वरून सेलोटेप चिकटवला आणि डब्या शर्टाच्या खिशात घालून स्कूटरवर रावपुऱ्यापर्यंत नेल्या. डोळे मिटले की मला तो सेलोटेप दिसतो.

टीबीचे जंतू शोधणारी जीनएक्सपर्ट तपासणी निगेटिव्ह आली. तेव्हा लक्षात आलं, इतके दिवस मी टीबी निघू दे म्हणून गणपतीला सांगत होते. काल बायोप्सीचा रिपोर्ट आला, त्यात निदान नाहीच. 'आयएचसी करावे' असं लिहिलंय. अजून आठ-दहा दिवस.

आयएचसी सांगितलं म्हणजे कॅन्सर ठरलाच का? ताप नाही. वजन तीन किलो कमी झालंय, पण जेवणच जात नाही. रात्री घाम येतो का, असं डॉक्टर विचारतात. भादव्यातल्या बडोद्यात आलेला घाम कशाचा, हे मी कसं ओळखू?

आणि आई. बाबा २००९ साली घशाच्या कॅन्सरने गेले. तिला मी 'गळू कापलं' एवढंच सांगितलंय. ती म्हणते अवधाण असेल, आणि रोज हळदीचा लेप गरम करून घेऊन येते. तिला आत्ताच सांगावं की रिपोर्ट आल्यावर?

प्रतिसाद:

ताई, मी इंदूरला पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. निदान डॉक्टरच करतील, मी फक्त काम कसं चालतं ते सांगतो. तुमची गाठ मेणाच्या ठोकळ्यात बसवलेली असते. त्याचेच पातळ काप काढून त्यावर एकेका प्रथिनाला चिकटणाऱ्या वेगवेगळ्या अँटिबॉडी घालतो, पेशीवर ते प्रथिन असेल तिथे तपकिरी रंग येतो. सीडी २० हे प्रथिन बी पेशींसाठी, सीडी ३ टी पेशींसाठी (दोन्ही पांढऱ्या पेशींचे प्रकार), सीडी १५ आणि सीडी ३० हॉजकिन लिम्फोमाचा, म्हणजे लसिका पेशींच्या एका प्रकारच्या कॅन्सरचा, संशय असेल तेव्हा. साध्या रंगात पेशींचा स्वभाव कळला नाही की हे करावंच लागतं. यातून साधी सूज असल्याचंही निघतं आणि लिम्फोमाही निघतो. संशय आहे म्हणूनच पाठवलंय, तुम्हाला खोटा धीर देत नाही. पण लिम्फोमा एक नसतो, आणि प्रकार कळल्याशिवाय औषध ठरत नाही. म्हणून हे दहा दिवस वाया जात नाहीयेत.

दोन गोष्टी मात्र करा. रिपोर्ट येईपर्यंत कोणी स्टेरॉइडची गोळी दिली तर आधी सर्जनना विचारा, त्याने गाठी तात्पुरत्या ओसरतात आणि पुन्हा तुकडा घ्यायची वेळ आली तर निदान अवघड होतं. आणि स्लाइड, मेणाचा ठोकळा लॅबकडून मागून ठेवा. अहमदाबादला किंवा मुंबईला टाटामध्ये दुसरं मत घ्यायचं झालं तर पहिल्यांदा तेच मागतात.

धागाकर्ती:

दादा, मनापासून आभार. ठोकळ्याचं आज लॅबमध्ये बोलले, आयएचसी झाल्यावर देतो म्हणाले. आईला दुपारी सांगितलं. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, या वर्षी गौरींना सोळा भाज्या नकोत, पुरणाचा नैवेद्य पुरे, आणि रिपोर्ट आणायला मी येणार. आला की इथेच लिहीन.