सल्ला हवाय: फायबर नावेची आतली फळी बदलायची आहे, मृगाच्या आत

पंचगंगाकाठ
मंडळाकडं चौदा फुटी फायबरची नाव आहे. २०१९ च्या महापुरानंतर वर्गणी काढून सेकंडहँड घेतली. २०२१ ला दूध, औषधं, दोन म्हाताऱ्या आणि एक बोकड, सगळं तिनंच वाहिलं. आता आत पाय ठेवला की फळी दबते. सुतार म्हणतोय, १८ एमएम कमर्शियल प्लाय ठोकतो, वर मॅट टाकू. करू का? राजाराम बंधाऱ्याला पाणी ३९ फुटांवर गेलं की आमच्याकडं धावपळ सुरू, तेव्हा वेळ कमी आहे.

उद्यमनगर_टर्नर
भावा, सुताराला थांबव. कमर्शियल प्लाय कपाटाला. नावेला आयएस ७१० (मरीन प्लायचं भारतीय मानक) शिक्क्याचा मरीन प्लायच. आणि १८ कशाला? ८ बाय ४ ची १२ एमएम शीट पंचवीसेक किलो भरते, १८ ची पस्तीसच्या वर. दोन शीट लागल्या तर अर्धं पोतं तांदूळ फुकट वाहत बसाल. १२ घ्या, फळीला आधार देणारे खालचे आडवे लाकडी दांडे फुटाफुटावर घ्या, दबत नाही.

रंकाळा_पहाट
शिक्का काय, कुणीबी मारतंय. दुकानदाराकडनं तुकडा मागून घ्या आणि उकळा. मानकात ७२ तास उकळून बघतात. घरी पाच-सहा तासांत पदर सुटले तर तो प्लाय त्याचा त्याला परत.

मालवणचा_जावई
प्लायचं नंतर बघा हो. आधीचा कुजला का, ते कुणी विचारलंच नाही. नाव वर्षभर गल्लीत उघडी असते ना? मग पुरानं नाही, पावसानं खाल्ली. खाऱ्या पाण्यात लाकूड एक वेळ तग धरतं, साचलेलं पावसाचं पाणी कुजवतंच. फळी उचला, खालचे आडवे स्क्रूड्रायव्हरनं टोचून बघा. प्रत्येक आडव्याला तळाशी बोटभर भोक आहे का? नसेल तर पाणी कप्प्याकप्प्यात अडकतं, मागच्या बुचापर्यंत पोचतच नाही.

पंचगंगाकाठ
उचलली. भोकं होती, पण थर्माकोलच्या चुऱ्यानं बुजलेली. दोन आडव्यांत स्क्रूड्रायव्हर लोण्यात गेल्यागत गेला. जुनी फळी मात्र फेकली नाही, साचा म्हणून ठेवलीय.

मालवणचा_जावई
झकास. थर्माकोल सगळा काढा. तो पाणी धरतो आणि पेट्रोल सांडलं तर विरघळतो. त्याजागी हवाबंद झाकणाचे रिकामे कॅन घट्ट बसवा, तरंगायला तेवढाच आधार. सडके आडवे बदला. प्लायला दोन्ही बाजूंनी इपॉक्सी (पाणी रोखणारं, वाळून कडक होणारं रेझिन), आणि कडांना जास्त, पाणी तिथूनच शिरतं. स्क्रूची भोकंही इपॉक्सीनं भरायची, वाळली की पुन्हा पाडायची. कंटाळवाणं काम आहे, पण निम्मं आयुष्य त्यावरच.

उद्यमनगर_टर्नर
स्क्रू स्टेनलेसचे, ३०४ ग्रेडचे चालतील, आपलं गोडं पाणी. लोखंडी नको. मी ॲल्युमिनियमची चेकर्ड प्लेट सांगणार होतो, पण उन्हात अनवाणी पोरं उड्या मारतील.

रंकाळा_पहाट
इपॉक्सी आत्ताच्या उन्हात उरका. वळीव आला की हवा दमट होते, चिकट राहतंय. आणि पुढच्या वर्षी नाव पालथी ठेवा, एवढा खटाटोपच नको.

पंचगंगाकाठ
पालथी ठेवायचं सुचलंच नव्हतं राव. तुकडा सकाळपासून गॅसवर आहे, अजून पदर सुटला नाही. आई दोनदा विचारून गेली, आमटी कधी लावू म्हणून.