शिमल्याच्या रिंकला यंत्राचा बर्फ द्यावा का?

नळस्टॉपकर (धागा यांचा):
डिसेंबर-जानेवारीत शिमल्याला गेलेल्या बहुतेक पुणेकरांनी लक्कड बाजाराखालचा उघडा आइस स्केटिंग रिंक वरून पाहिलेला असतो. खाली उतरणारे थोडेच. १९२० साली ब्लेसिंग्टन नावाच्या साहेबाला टेनिस कोर्टावर सांडलेलं पाणी रात्रीत गोठलेलं दिसलं, आणि कोर्टाचाच रिंक झाला. आजही रीत तीच. संध्याकाळी पाणी शिंपडायचं, रात्रभर गोठू द्यायचं आणि सकाळी स्केट्स बांधून उतरायचं.

आता तिथे जमिनीत गारवा देणाऱ्या यंत्राच्या नळ्या घालून, वर छप्पर टाकून बारमाही बर्फ करावा, अशी चर्चा तिकडे वर्षानुवर्षं चालू आहे. माझं मत सरळ आहे: करावाच. हिवाळे कोमट होत चाललेत, मोसम आखडतोय. ओटावाचा रिडो कालवा, पावणेआठ किलोमीटरचा, २०२२-२३ च्या हिवाळ्यात स्केटिंगसाठी एक दिवसही उघडला नाही. असं पहिल्यांदाच घडलं. कॅनडात ही गत, तर बावीसशे मीटरवरच्या शिमल्याने कशाच्या भरवशावर बसायचं?

माझा स्वार्थही सांगतो. लेक इनलाइन स्केटिंग (एका ओळीतल्या चाकांचे स्केट्स) करते. आपल्याकडची चाकांवर तयार झालेली मुलं खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धांत महाराष्ट्रासाठी पदकं आणतात, आणि सरावाला बर्फ शोधत देशभर फिरतात. गोराईला एस्सेलवर्ल्डमध्ये छोटा रिंक होता, २०२२ मध्ये पार्कच बंद पडला.

संजौलीची सून:
विरोध. नवऱ्याच्या बदलीमुळे काही वर्षं शिमल्याच्या संजौली भागात काढली आहेत, म्हणून बोलते. शिमल्याच्या शाळांची मोठी सुट्टी उन्हाळ्यात नसते, थंडीत असते. जानेवारीत पोरं घरी, रस्ते निसरडे, अंधार लवकर. अशा वेळी अख्ख्या गावाला घराबाहेर काढणारी ही एकच जागा. आजोबा नातवाला घेऊन येतात, दोघंही स्केट्सवर! कडेला शेंगा खात गप्पा मारणाऱ्या बायका निराळ्याच. पुढे जिमखाना (म्हणजे बर्फावरचे खेळ-शर्यती) भरतो, फॅन्सी ड्रेस होतो, पोरं आइस हॉकी खेळतात.

यंत्र आलं की विजेचं बिल आलं, आणि ते तिकिटातून निघणार. मग रिंकवर कोण दिसणार? मॉल रोडवरून आलेले आपण, वीस मिनिटांचा स्लॉट, एक पडलेला फोटो, एक उभा राहिलेला फोटो. गावातली पोरं बाहेरच्या रेलिंगला.

नळस्टॉपकर:
ताई, स्थानिक मुलांना सवलतीचा पास देता येतो की. त्यासाठी रिंकच मरू द्यायचा?

वेधशाळा काका:
थोडं हवामानाचं बोलू द्या. शिमल्याशी आमचं जुनं नातं आहे. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये तिथून पुण्यात आलं, म्हणून शिवाजीनगरला आजही सिमला ऑफिस चौक आहे. रिक्षावाल्याला विचारा, त्याला चौक माहीत असतो, कारण नसतं.

उघड्यावरचा बर्फ नुसत्या थंड हवेने होत नाही. निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे टाकत राहते, त्यामुळे पृष्ठभाग आजूबाजूच्या हवेपेक्षाही गार पडतो. ढग आले की गोधडी पांघरल्यासारखं होतं, आणि हवा तेवढीच गार असूनही पाणी पाणीच राहतं. पर्यटक ज्या हिमवर्षावासाठी नवस बोलतात तो तर रिंकचा शत्रूच. भुसभुशीत बर्फ वर साचला की खालचा थर गोठायचा थांबतो. फावड्याने सगळा उपसायचा, मग पुन्हा पाणी. तेही पातळ थरांनीच, एकदम ओतलं तर वर पापडी आणि खाली ओल.

आता मुद्दा. कायमचं छप्पर घातलंत की दुपारचं ऊन अडेल खरं, पण रात्रीचं आकाशही अडेल. शिमल्याचं तापमान शून्याच्या आसपासच रेंगाळतं, तिथे हा फरक मोठा. म्हणजे छप्पर घातल्यावर यंत्र बंद पडलं तर जुना फुकटचा बर्फही होणार नाही. हा एकतर्फी रस्ता आहे. मी विरोधात नाही, पण हे कळून करा.

(कोणी पुण्यातच उघडा रिंक सुचवण्याआधी: आपलं नोंदलेलं नीचांकी तापमान १.७ अंश, १७ जानेवारी १९३५. तेही शून्याच्या वरच.)

खर्चाचं बोला:
काकांनी ‘यंत्र बंद पडलं तर’ म्हटलं. पडतंच. डेहराडूनला २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी आंतरराष्ट्रीय मापाचा बंदिस्त रिंक बांधला. स्पर्धा संपल्या, आणि पुढची दहापेक्षा जास्त वर्षं तो जवळपास कुलपातच होता. उद्घाटनाची फीत कापायला सगळे असतात, कॉम्प्रेसरचं बिल भरायला कोणी नसतं. आपल्याकडचे पोहण्याचे तलाव आठवा.

नळस्टॉपकर:
गोष्ट अर्धीच सांगितलीत. तोच रिंक २०२५ मध्ये दुरुस्त करून उघडला आणि त्याच वर्षी तिथे आशियाई पातळीची शॉर्ट ट्रॅक (बर्फावरच्या वेगाच्या शर्यतींची) स्पर्धा झाली. बांधलेला होता म्हणून उघडता आला.

खर्चाचं बोला:
मधल्या वर्षांत जी पोरं दहाची वीस झाली त्यांना सांगा हे.

चाकवाला:
लहान मुलांना रोलर-इनलाइन शिकवतो. धागाकर्त्याशी अर्धा सहमत. चाकांवरून बर्फावर आलेल्या मुलाचा वेग तयार असतो, पण पात्याची धार त्याला कळत नाही. वळताना धारेवर झुकायचं, थांबताना पातं आडवं करून बर्फ खरवडायचा, हे पार्किंगच्या फरशीवर शिकवता येत नाही. प्लॅस्टिकच्या पाट्यांचा नकली बर्फ मिळतो, पण त्यावर घसरण कमी आणि पात्याची धार लवकर जाते. तेव्हा खरा बर्फ हवा, आणि महिनोन्‌महिने हवा.

पण त्यासाठी शिमल्याचाच रिंक कशाला? मोठ्या शहरात बंदिस्त रिंक करा, तिथे मुलं वर्षभर येतील.

लेह-रिटर्न:
लडाखचं उदाहरण कोणीच का घेत नाही? तिथे पोरं गोठलेल्या तळ्यांवरच खेळत मोठी झाली. लेहचा कारझू तलाव गोठला की आइस हॉकीचं मैदान. भारताच्या महिला आइस हॉकी संघात बहुतेक मुली लडाखच्या. २०१७ मध्ये फिलिपिन्सला हरवून पहिला आंतरराष्ट्रीय विजय, २०२५ मध्ये आशिया चषकात कांस्य. यंत्राच्या बर्फाने नाही जन्माला आला हा खेळ.

नळस्टॉपकर:
बरोबर, पण त्याच मुलींना सरावासाठी परदेशी रिंक गाठावे लागले. आणि लेहलाही आता नळ्यांचा रिंक झालाच ना? तलाव आहे तिथेच आहे, शेजारी यंत्रही आहे. मी वेगळं काय मागतोय?

संजौलीची सून:
वेगळं हेच की लेहला दोन्हीला जागा आहे. लक्कड बाजाराखाली एकच सपाट तुकडा आहे, वर गाव, खाली उतार. तिथे ‘शेजारी’ नाही. एक केलं की दुसरं गेलं.

चाकवाला:
मग मधला मार्ग घ्या. नळ्या घाला, छप्पर नको. युरोपात कितीतरी गावांच्या चौकात असे उघडे रिंक फक्त थंडीत चालतात. ढगाळ रात्री यंत्र चालवा, निरभ्र रात्री बंद ठेवा. जूनमध्ये कोणी स्केटिंग मागतच नाहीये, मागतात ते आपण.

वेधशाळा काका:
हे पटतं. आकाश मोकळं राहील. फक्त नळ्यांवरची फरशी समपातळीत हवी, नाहीतर एका कोपऱ्यात बर्फ आणि दुसऱ्यात डबकं.

नळस्टॉपकर:
फक्त थंडीत चालवून यंत्राचा खर्च निघेल का? मला शंका आहे. छपराची मागणी मी सोडत नाही. पण स्थानिक मुलांचा पास आणि सकाळची वेळ आधी कागदावर यावी, एवढं संजौलीच्या ताईंचं मान्य.

संजौलीची सून:
कागदावर नको, तिकीटखिडकीवर लिहून लावा. आणि सकाळची नव्हे, संध्याकाळची. सकाळी थंडीत उठून येतातच ती, संध्याकाळी पर्यटक त्यांना हुसकतात.