तिसरीतल्या मुलीचा निबंध ‘चुकला’, घरी काय करू?

रात्रपाळी:
नमस्कार मंडळी, इतके दिवस नुसती वाचत होते, आज लिहायची वेळ आली. मुलगी तिसरीत आहे, सेमी इंग्लिश, नाशिक. मराठीला ‘माझी आई’ निबंध होता. मी स्टाफ नर्स आहे, महिन्यातले निम्मे दिवस नाइट असते. तर हिने लिहिलं, ‘माझी आई सकाळी झोपते. तेव्हा आम्ही कुकरची शिट्टी होऊ देत नाय. बाबा भात पातेल्यात करतात. तो खाली लागतो.’ वाचून मला हसूपण आलं आणि रडूपण. दोन दिवसांनी वही परत आली तर त्यावर लाल फुली आणि शेरा, ‘फळ्यावरचा निबंध उतरवून आणणे’. आता फळ्यावरची आई कशी, तर ती पहाटे उठते, दारात सडा-रांगोळी करते, तुळशीला पाणी घालते. अहो आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो, मी सडा घातला तर तिसऱ्या मजल्यावरच्या काकू भांडायला वर येतील! वर्गातल्या सगळ्या पोरांच्या आया एकच सडा घालतायत. उतरवून दिला तर 10 पैकी 9, एक मार्क अक्षराचा कापला. आता ही म्हणते मी मनाचं लिहिणारच नाही, मनाचं चुकतं. बाईंशी वाद घालायचा नाहीये, पोरीला वर्षभर तिथेच बसायचंय. घरी काय करता येईल? आणि अक्षराचा क्लास लावू का, अगदीच किडेमुंग्या आहेत.

अभ्यासू_बाबा:
क्लास लावा. आमच्याकडे दोन महिन्यांत फरक पडला. बाकी निबंधाचं एवढं मनावर घेऊ नका, पुढे स्कॉलरशिपला दोन पेपर मिळून 300 मार्क, सगळे पर्यायी प्रश्न, गोल काळे करायचे, एक वाक्य लिहावं लागत नाही.

खडूफळा:
बाबा, म्हणूनच तर वाट लागली 😀

ताई, मी झेडपीत 14 वर्षं शिकवतोय. आधी बाईंची बाजू सांगतो, 40 वह्या, त्यात रोज कसली ना कसली ऑनलाइन माहिती भरा, 40 वेगवेगळे निबंध वाचायला वेळ कुठून आणायचा, एकसारखे असले की टिक मारून मोकळं होता येतं. मीही सुरुवातीला हेच केलंय, खोटं कशाला बोलू.

पण आपल्याकडे ‘शुद्धलेखन’ या शब्दाचं काय झालंय बघा. घरचा अभ्यास काय, तर शुद्धलेखन एक पान. म्हणजे पुस्तकातला उतारा बघून उतरवायचा. पोरं तो वाचतपण नाहीत, एकेक अक्षर उचलून वहीत ठेवतात, गवंडी विटा ठेवतो तशी. उतरवून झाल्यावर विचारा धड्यात काय होतं, ढिम्म. 2023-24 ला दुसरी ते आठवीच्या पुस्तकांत प्रत्येक धड्यामागे कोरी पानं जोडली होती, वर ‘माझी नोंद’ लिहिलेलं, आठवतंय? मुलांनी आपलं आपण काहीतरी टिपावं म्हणून. आमच्या भागात तर त्या पानांवरपण फळ्यावरची प्रश्नोत्तरंच उतरवली गेली, पुढे ती पानं गेलीच.

माझ्या वर्गात एक पोरगा होता, निबंध म्हटलं की पोटात दुखायचं त्याच्या. एकदा सकाळी झोपाळलेला आला, विचारलं तर म्हणाला ‘गाय याली सर रातच्याला’. म्हटलं हेच लिही, मला आत्ता सांगितलंस तसंच. त्याने लिहिलं, ‘गाय याली तवा बा रातभर कंदील धरून व्हता. वासरू पडलं आन लगेच उभं राहाया बघत व्हतं.’ मी ‘व्हता’ला हात लावला नाही. परिपाठाला त्याला वाचायला लावलं, सगळी शाळा गप्प ऐकत होती. त्यानंतर आठवडाभर सगळ्या वर्गाला आपापल्या गोठ्यातलं काहीतरी सांगायचं होतं. ‘होता’ आम्ही नंतर शिकलो, त्याच गोष्टीवरून, घरी कसं बोलतो आणि पुस्तकात कसं असतं अशा दोन रांगा फळ्यावर करून.

तुम्ही एक करा, नाइटला जाताना तिच्यासाठी चिठ्ठी ठेवा आणि उत्तर मागा. खरं उत्तर लागेल असं विचारा, उद्या डब्याला काय, बाबा किती वाजता आले. पोराला वाचणारा माणूस लागतो हो, नाहीतर लिहायचं कुणासाठी.

मुद्रितशोधक:
खडूफळा यांच्याशी बरंचसं सहमत, पण ‘चुकांना हात लावू नका’ हे लोक फार ताणतात. मी आयुष्यभर प्रुफं तपासली. पहिलीपासून कुणी ऱ्हस्वदीर्घ सांगितलेलं नसतं आणि मग पस्तिशीतला माणूस ‘फूलाला’ लिहून छापायला पाठवतो. शासनाने मान्य केलेले लेखनाचे नियम मोजून 18 आहेत, पहिले 14 सन 1962 चे, 4 नंतर 1972 ला आले. तिसरीच्या पोरीला अर्थातच 18 पाजायचे नाहीत. महिन्याला एक पुरे. शेवटचा ई-ऊ दीर्घ असतो हा एक महिना घ्या, आजी, पाटी, चाकू, लाडू, घरातले शब्द तिलाच शोधू द्या. पुढच्या महिन्यात फूल-फुलाला, मूल-मुलाला, बहीण-बहिणीला. त्या महिन्यात फक्त तेवढीच चूक दाखवायची, बाकीच्यांकडे काणाडोळा. आणि लाल पेनने नाही, पेन्सिलीने, बारीक टिंब देऊन, तिचं तिने शोधावं.

अक्षराचं म्हणाल तर क्लास कशाला? दुरेघी वही आणा आणि क ख ग च्या ओळीने न जाता वळणाने जा. ग म भ न, चारही काना असलेली अक्षरं, हात एकदा बसला की बसला. दिवसाला पाच ओळी, जास्त नाही. थकलेल्या हाताने गिरवलेला कित्ता म्हणजे वाईट वळणाचाच सराव. मोत्यासारख्या अक्षरात लोकांनी काय काय टुकार लिहून ठेवलंय ते मी वाचलंय, असो.

वाचायला ‘किशोर’ द्या, बालभारतीचं मासिक, 1971 पासून चालू आहे, जुने अंक बालभारतीच्या साइटवर फुकट आहेत.

लेकीची_माय:
मी तर त्या निबंधाचा फोटो काढून ठेवला असता!! तो कुकर 😭 आमच्याकडे ‘माझा आवडता पक्षी’ला सगळ्या वर्गाचा मोर. माझ्या मुलाने मोर फक्त नोटेवर... नाही, नोटेवरपण नाही, फ्लेक्सवर बघितलाय. त्याला कबूतर लिहायचं होतं कारण ते आमच्या एसीच्या मागे अंडी घालतं.

खडूफळा:
कबुतरावर तो दोन पानं लिहील ताई, मोरावर पाच ओळी.

आणि @रात्रपाळी, बाईंना भेटा, पण वही घेऊन जाब विचारायला नको. पालकसभेनंतर सहज सांगा की ही घरी काय काय लिहिते, एकदा वर्गात वाचून दाखवू दे का. बऱ्याच बाई हो म्हणतात, आमचंपण मन असतं.

रात्रपाळी:
सगळ्यांना थँक्यू. क्लास कॅन्सल, दुरेघी वही आणली. बाईंना अजून भेटले नाही, हिंमत गोळा करतेय. चिठ्ठ्या सोमवारपासून चालू केल्या. पहिले दोन दिवस नुसतं ‘हो’ आणि ‘माहीत नाही’ 😐 आज सकाळी घरी आले तर फ्रिजवर होती, ‘आई तू डबा धूवून ठेव. भाजी खारट होती पण बाबाने सांगू नको म्हणलं.’

मुद्रितशोधक:
‘धुऊन’. पण या महिन्यात राहू द्या.