हॅलोविनची भुतावळ, गोडाच्या ताटात : खान्देशातल्या घरगुती कृती आणि अनुभव

३१ ऑक्टोबर जवळ आला की जळगाव-धुळ्याच्या सोसायट्यांत मुलांच्या हॅलोविन पार्टीची ठरवाठरव सुरू होते. मुखवटे बाजारात मिळतात, पण खाऊ घरचाच हवा असतो. परदेशी कृती बहुतेक थंड हवेसाठी लिहिलेल्या. बटर बाहेरही घट्ट राहील, जेली टेबलावर दोन तास टिकेल, असं त्या धरून चालतात. आपल्याकडे ऑक्टोबरच्या शेवटीही दुपारचा पारा सहज तिशीच्या वर असतो. शिवाय कितीतरी घरांत अंडं आणि जिलेटिन चालत नाही. म्हणून हा धागा. ज्यांचा हात बसला आहे त्यांनी लिहावं. माप ग्रॅममध्ये द्या नाहीतर वाटी-चमच्यात, पण द्या. काय बिघडतं आणि का, तेही लिहा.

रावेर

केळ्याने सुरुवात करायचा मान आमच्या पट्ट्याचाच! केळं पिवळं, पण देठाशी किंचित हिरवट असलेलं घ्या. ठिपके पडलेलं केळं शिकरणाला ठेवा, त्यात काडी उभी राहत नाही. ६ केळी आडवी मधोमध कापली की १२ भुतं. कापलेल्या बाजूने आइस्क्रीमची काडी निम्म्यापर्यंत खुपसा, लिंबाच्या रसाचा हात फिरवा आणि बटर पेपरवर ठेवून फ्रीजरमध्ये दोन-अडीच तास.

आवरणाला ३०० ग्रॅम व्हाइट कंपाउंड (कोको बटरऐवजी वनस्पती तेल घातलेलं पांढरं चॉकलेट) आणि २ छोटे चमचे रिफाइंड तेल. पातेल्यात पाणी उकळून गॅस बंद करा, मग त्यावर कंपाउंडचं भांडं ठेवा. वाफेचे चार थेंब आत गेले तरी सगळं दाणेदार होऊन आळतं, कारण साखरेचे कण ते पाणी धरून एकमेकांना चिकटतात. वितळलेलं कंपाउंड उंच, अरुंद स्टीलच्या पेल्यात ओता. पसरट वाडग्यात केळं लोळवावं लागतं आणि भुताला एक बाजू उघडी राहते.

बुडवून वर काढलं की आवरण १०-१५ सेकंदांत घट्ट होतं. म्हणून डोळ्यांचे चोकोचिप्स आधीच मोजून हाताशी ठेवा आणि एक भूत पूर्ण करूनच दुसरं बुडवा. केळ्यावर बर्फाची पांढरी भुरी दिसली तर कोरड्या कापडाने टिपा, नाहीतर आवरण सालीसारखं निसटून येतं. रात्रभर गोठवलेलं केळं लगेच बुडवलं तर आवरण एकदम आकसतं आणि तडे जातात. ते पाचेक मिनिटं बाहेर ठेवून मग बुडवा.

ताटात लवकर मांडून ठेवू नका. दहा-पंधरा मिनिटांत त्यांना घाम फुटतो.

धुळे

वरच्या कृतीत कंपाउंडच का, ते सांगायला हवं. खऱ्या चॉकलेटमध्ये कोको बटर असतं. ते ३४ अंशांच्या आसपास वितळतं आणि नीट टेम्पर केलं नाही, म्हणजे ठरावीक तापमानाला तापवून-निववून घेतलं नाही, तर पांढरे पट्टे उमटतात. कंपाउंडमध्ये वनस्पती तेल असतं, टेम्परिंग लागत नाही आणि उकाड्यात ते जरा जास्त तग धरतं. चवीला चॉकलेटच सरस, पण ते फ्रीजमधल्या पुडिंगमध्ये घाला. बाहेर टेबलावर राहणाऱ्या सजावटीला कंपाउंड. मायक्रोवेव्ह असेल तर निम्म्या पॉवरवर ३०-३० सेकंद आणि दर वेळी बाहेर काढून हलवायचं. पांढरं कंपाउंड काळ्यापेक्षा लवकर करपतं.

भुसावळ

पार्टीत सगळ्यात आधी संपतात ते जेलीचे डोळे. ते अगारचेच करा, म्हणजे चायना ग्रास. अगार समुद्री शेवाळापासून निघतं, त्यामुळे शाकाहारी घरातही चालतं. दुसरं कारण हवेचं. जिलेटिनची जेली तिशीच्या पुढे ढिली पडते. अगार ३५ ते ४० अंशांच्या दरम्यान घट्ट होतं आणि पुन्हा वितळायला ८५ अंश लागतात. भर दुपारीही डोळा डोळाच राहतो.

साचा म्हणून आप्पेपात्र. नॉनस्टिक घ्या. बिडाच्या पात्राचा काळपट डाग पांढऱ्या दुधावर येतो, तेलाचा वासही लागतो. खळग्यात तळाशी असलेला भाग नंतर उलटल्यावर वर येणार, म्हणून सगळा क्रम उलटा. आधी बुबुळ, मग पांढरा भाग.

प्रत्येक खळग्याच्या मधोमध अर्धी काळी मनुका, कापलेली बाजू वर. ६० मिली पाण्यात पाव छोटा चमचा अगार पावडर घालून दोन मिनिटं खळखळून उकळा. नुसती विरघळल्यासारखी दिसली म्हणून उतरवलीत तर जेली धरत नाही. गॅस बंद करून १ मोठा चमचा खसचं सरबत घाला आणि मनुकेभोवती छोटा चमचाभर ओता.

आता दुधाचं : २५० मिली दूध, ३ मोठे चमचे साखर, १ सपाट छोटा चमचा अगार. हेही दोन मिनिटं उकळायचं, सतत ढवळत, कारण अगार तळाला बसतं. मग हे पातेलं गरम पाण्याच्या परातीत ठेवा, नाहीतर ओतायच्या आधीच ते गोठतं.

खरी मेख दोन थरांच्या मध्ये आहे. हिरव्या थराला बोट लावून पाहा. वर साय धरली आहे, पण बोटाला अजून चिकटतं आहे, तोच क्षण. अजून पातळ असेल तर दूध त्यात मिसळून डोळा शेवाळी होतो. पूर्ण गार झाला तर दुधाचा थर त्याला धरत नाही आणि साच्यातून काढताना बुबुळ खळग्यातच राहतं. दूधही उकळतं नको, बोट दोन-तीन सेकंद सोसेल इतपत. उकळतं ओतलं तर खालचा थर पुन्हा विरघळतो. चमच्याच्या पाठीवरून हळू सोडा, धार मारली की खड्डा पडतो.

अर्ध्या तासात गार होतात. कडेने टूथपिक फिरवा आणि साचा उलटा. लाल शिरा बिटाच्या घट्ट रसात टूथपिक बुडवून ओढा, पण वाढायच्या वेळीच, कारण अर्ध्या तासात त्या फुटतात. एक दिवस आधी केलेले डोळे फ्रीजमध्ये थोडं पाणी सोडतात, ते कापडावर निथळून घ्या. लिंबू किंवा संत्र्याचा रस वापरायचा असेल तर गॅस बंद केल्यावर. आंबट रसासोबत उकळलेलं अगार कमजोर पडतं.

पारोळा

भुसावळच्या ताईंच्या कृतीत एक भर. पाच वर्षांच्या आतल्या मुलांसाठी डोळ्याचे चार तुकडे करूनच द्या. गोल, गुळगुळीत गोष्ट घशात अडकते. अख्खी द्राक्षं, अख्खे बदाम, टणक गोळ्या यांचाही हाच धोका. द्राक्षं उभी चिरावीत.

जळगाव

चेटकिणीची बोटं. मुळात ही लोण्याची बिस्किटं आहेत, आपल्या नानकटाईच्या जवळची.

१०० ग्रॅम बटर, ७५ ग्रॅम पिठीसाखर, १६० ग्रॅम मैदा, चिमूटभर मीठ, अर्धा चमचा व्हॅनिला. बेकिंग पावडर अजिबात नको. ती घातली की बोट फुगतं, सांध्याच्या रेघा बुजतात आणि बदामाचं नख उचकटून पडतं. बटर-साखर फक्त एकत्र होईपर्यंत फेटा. जास्त फेटून हवा भरली तरी तेच होतं. तूप वापरणार असाल तर ८० ग्रॅमच घ्या आणि १ मोठा चमचा दूध घाला, कारण बटरमध्ये तुपापेक्षा पाणी जास्त असतं.

पीठ अर्धा तास फ्रीजमध्ये. मग हवी त्याहून बारीक वळी करा, करंगळीच्याही निम्मी, ८-९ सेंटीमीटर लांब. भट्टीत ती पसरून बरोबर बोटाएवढी होते. दोन ठिकाणी चिमटा घेऊन सांधे काढा, त्यावर सुरीने तीन-तीन रेघा. टोकाला सोललेला बदाम दाबा. वळून झाल्यावर ताट पुन्हा १५ मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा. आपल्या स्वयंपाकघरातल्या उकाड्यात ही पायरी गाळली की बोटांच्या चपट्या जिभा होतात.

ओव्हन १६० अंश, १८-२० मिनिटं. कडा जेमतेम बदामी झाल्या की काढा. कढईत मीठ घालून करत असाल तर १० मिनिटं आधी तापवा, मग मंद आचेवर २५ मिनिटं झाकून. गरम असताना बोटं मऊच लागतात, तशीच राहू द्या, गार झाली की खुसखुशीत होतात. शेवटी बदाम उचकटून खाली लाल जॅमचा थेंब लावा आणि पुन्हा दाबा. नखाच्या कडेने लाल ओघळ येतो, खरी मजा त्यात आहे.

नंदुरबार

हॅलोविन म्हटला की भोपळा आलाच. मुळात आयर्लंडमध्ये सलगम कोरायचे, तिथले लोक अमेरिकेत गेल्यावर त्यांना भोपळा सापडला. आपलं गंगाफळ कोरायला जाड आणि कडक असतं. कोरण्यापेक्षा त्याचे भुताच्या तोंडाचे घारगे करा.

पाव किलो किसलेलं गंगाफळ, १५० ग्रॅम गूळ. गूळ विरघळून कीस मऊ होईपर्यंत शिजवा आणि पूर्ण गार होऊ द्या. १ चमचा तूप, वेलची, चिमूट मीठ, २ चमचे तांदळाचं पीठ आणि मावेल तेवढी कणीक, साधारण पावणेतीनशे ग्रॅम. पीठमा पानी टाकू नका, भो! गुळाचं पाणी नंतर सुटतंच आणि गोळा सैल होतो. म्हणून मळल्यावर अर्ध्या तासात तळायला बसा.

पुरीपेक्षा जाड लाटा, वाटीने गोल कापा, सुरीच्या टोकाने तिकोनी डोळे आणि दातेरी तोंड कोरा. भोकं असल्यामुळे वाफ निघून जाते, घारगा फुगत नाही आणि चेहरा वाकडा होत नाही. भोकं हवी त्याहून मोठीच कोरा, तळताना ती आक्रसतात. आच मध्यम. कडक तेलात गूळ बाहेरून काळा पडतो आणि आतलं पीठ कच्चं राहतं.

चोपडा

सांजोरी येत असेल तर ममी वेगळी शिकायला नको. रव्याचं सारण कोरडं, मुठीत दाबलं की मुटका टिकेल असं हवं. त्याचा बोटभर लांब मुटका करा. पारीच्याच पिठाच्या अर्धा सेंटीमीटर पट्ट्या कापून एकीवर एक थोडी चढवत गुंडाळा. डोळ्यांपुरती फट सोडा, पण सारण उघडं ठेवू नका, आधी खाली पातळ पारीचा एक वेढा द्या. पट्टीचं टोक पाण्याचा हात लावून खालच्या बाजूला दाबा. वर राहिलं तर तेलात सुटतं आणि ममी उलगडते. मंद आचेवर, हलवाहलव न करता तळा. डोळे तळल्यावर, कंपाउंडच्या ठिपक्यांनी.

अमळनेर

हॅलोविनचा अस्सल आयरिश गोड पदार्थ आहे बार्मब्रॅक, सुक्या मेव्याचा पाव. त्यात अंगठी लपवतात. ज्याच्या तुकड्यात ती निघेल त्याचं लग्न जवळ आलं, असं समजतात.

३०० ग्रॅम मनुका-बेदाणे २५० मिली कडक कोऱ्या चहात रात्रभर भिजवा. सकाळी १२० ग्रॅम गूळ पावडर, ३ मोठे चमचे दही, २५० ग्रॅम मैदा, २ छोटे चमचे बेकिंग पावडर, दालचिनी आणि जायफळ. उरलेला चहा फेकू नका, तोच ओलावा. १६० अंशांवर तासभर. वरचा भाग लवकर काळपटला तर फॉइल झाका. कापायची घाई नको, दुसऱ्या दिवशी तो चांगला मुरतो. अंगठीऐवजी बटर पेपरात गुंडाळलेली चिठ्ठी खालून चिरून सरकवा, आणि ती आत आहे हे वाढताना सगळ्यांना सांगा.

शिरपूर

थडग्याचं पुडिंग, दहा वाट्या : १ लिटर दूध, ५० ग्रॅम कॉर्नफ्लोअर, ४० ग्रॅम कोको, १४० ग्रॅम साखर, १०० ग्रॅम डार्क चॉकलेट. कॉर्नफ्लोअर-कोको गार दुधात कालवून घाला. बुडबुडे येऊ लागल्यावर आणखी दोन मिनिटं शिजवा, कच्चं राहिलं तर फ्रीजमध्ये पुन्हा पातळ होतं. गार झाल्यावर ढवळू नका, त्यानेही घट्टपणा मोडतो. वरची माती म्हणजे कुटलेली चॉकलेट बिस्किटं, वाढायच्या दहा मिनिटं आधी. थडगं अर्ध्या मारी बिस्किटाचं, तेही तेव्हाच रोवा.

धरणगाव

रक्त : १ मध्यम बीट किसून, पिळून रस. १५० ग्रॅम साखर आणि १०० मिली पाण्याचा पाक, १ छोटा चमचा कॉर्नफ्लोअर गार पाण्यात कालवून त्यात शिजवा. बिटाचा रस आणि अर्ध्या लिंबाचा रस सगळ्यात शेवटी, आणि एकच उकळी. जास्त उकळलं की बीट तपकिरी पडतं. चिमूटभर कोकोने गुलाबीपणा जाऊन लाल गडद होतो.

बासुंदीवर कोळ्याचं जाळं काढायचं असेल तर बासुंदी रबडीइतकी घट्ट आणि फ्रीजमधली गार हवी, पातळ असेल तर रेघ बुडते. वितळलेल्या चॉकलेटमध्ये दुप्पट साय मिसळा, कागदी कोनाने एकात एक वर्तुळं काढा आणि टूथपिक मधून बाहेर आठ वेळा ओढा, दर वेळी पुसून.

धुळे

दोन गोष्टी टाळा. काळ्या रंगासाठी ॲक्टिव्हेटेड चारकोल वापरू नका, तो पोटात औषधं शोषून घेतो आणि गोळ्या लागू पडत नाहीत. भाजलेल्या काळ्या तिळाची पूड किंवा काळा कोको पुरतो. दुसरं, धुरासाठी ड्राय आइस (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) सरबताच्या ग्लासात टाकू नका. तो उणे ७८ अंशांचा असतो, तुकडा तोंडात गेला तर भाजतं. हवाच असेल तर मोठ्या पातेल्यात पाणी घालून त्यात, खिडक्या उघड्या ठेवून, आणि सरबताचं भांडं त्याच्या आत वेगळं.

भुसावळ

कामाची वाटणी अशी बसते. दोन दिवस आधी बोटं आणि बार्मब्रॅक. आदल्या दिवशी डोळे, पुडिंग, रक्त. त्या दिवशी सकाळी केळी गोठवायला, दुपारी तळण. लाडवाच्या वटवाघळांचे पंख केळ्याच्या लांब वेफर्सचे करणार असाल तर ते लाडवात खोचायच्या आधी टोकं कंपाउंडमध्ये बुडवून वाळवा, नाहीतर लाडवाच्या ओलीने तासाभरात लोळतात. लाइट जायची शक्यता असेल तर फ्रीजर उघडझाप करू नका आणि केळ्यांच्या ट्रेखाली बर्फाच्या दोन पिशव्या आधीच ठेवा.