नवरा-बायकोचं एचएसए: खातं एकच ठेवावं की दोन?

एडिसनकर
एचएसए म्हणजे अमेरिकेतलं दवाखान्याच्या खर्चासाठीचं करमुक्त बचत खातं. त्यावरून २०२५चा टॅक्स भरताना आम्ही जे भोगलं ते लिहितो, कारण आपल्याकडे दोघंही नोकरी करणारी घरं खूप आहेत.

माझ्या कंपनीतून आरोग्य विम्याचा फॅमिली हाय-डिडक्टिबल प्लॅन आहे (म्हणजे विमा लागू होण्याआधी बराच खर्च स्वतः करायचा), त्यात मी आणि मुलगी. बायकोचा तिच्या कंपनीतून एकटीचा. मी वर्षभरात पगारातून ८,५५० डॉलर कापून एचएसएत टाकले, फॅमिलीची पूर्ण मर्यादा. तिनं ४,३०० टाकले, एकटीची पूर्ण मर्यादा. टॅक्स भरायच्या सॉफ्टवेअरनं आधी माझी माहिती घेतली, मग तिची, आणि कुठेही अडवलं नाही. सबमिट करण्याआधी सहज एचएसएसाठीच्या फॉर्म ८८८९ च्या सूचना वाचल्या म्हणून कळलं की दोघांपैकी एकाचा जरी प्लॅन फॅमिली असला तरी दोघांनाही फॅमिलीत धरतात आणि मर्यादा दोघांत मिळून ८,५५०च. म्हणजे ४,३०० जास्त गेले. वेळेत काढले नाहीत तर ६ टक्के, २५८ डॉलर, आणि तेही पैसे खात्यात राहतील तोवर दर वर्षी.

माझं मत ठाम आहे. एचएसए एकाच्याच नावानं ठेवावं. त्यातून बायको-मुलांचा दवाखाना, दात, चष्मा सगळं भागवता येतं. एक खातं, एक फॉर्म, आणि सॉफ्टवेअरच्या दोनदोनदा येणाऱ्या प्रश्नांतून सुटका.

निशिगंधा
एडिसनकर, तुमचा त्रास समजला, पण उपाय पटला नाही. एचएसए जॉइंट नसतंच, कायद्यानं ते एकाच माणसाचं असतं. "एकच ठेवू" म्हणताना बहुतेक घरांत कोणाचं बंद होतं ते आपल्याला माहीत आहे. नोकरी गेली तरी ते खातं तिचं राहतं. पैसे साठतात, गुंतवता येतात, वर्षाअखेर बुडत नाहीत. माझी आई घरखर्चातून पैसे बाजूला काढून ठेवायची, तेव्हा तिच्या नावाचं पासबुक नव्हतं. मी माझं खातं सोडणार नाही.

आणि हिशेबही बघा. पगारातून कापलेल्या एचएसएवर सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर या सरकारी योजनांसाठी कापले जाणारे ७.६५ टक्केही वाचतात. सोशल सिक्युरिटी पगाराच्या एका मर्यादेपर्यंतच कापतात. तुमचा पगार २०२५च्या १,७६,१०० डॉलरच्या त्या मर्यादेपेक्षा जास्त असेल तर तुमचे फक्त मेडिकेअरचे १.४५ टक्के वाचले. वहिनींचा त्याखाली असेल तर तेच ४,३०० त्यांच्या पगारातून गेल्यानं साधारण २६६ डॉलर जास्त वाचतात. तुमच्या दंडाहून अधिक!

डॅलसचा_दादा
गेली काही वर्षं मी ओळखीच्यांचे रिटर्न तपासून देतो. एडिसनकर, सगळं खापर सॉफ्टवेअरवर फोडू नका. तुमचे दोघांचे आकडे एकत्र बघून त्यानं अडवायला हवं होतं, हे मान्य. पण मी बघतो त्यातल्या बहुतेक चुका वेगळ्याच असतात.

डब्ल्यू-२, म्हणजे कंपनी देते तो वर्षाच्या पगाराचा दाखला, त्याच्या १२ नंबरच्या चौकटीत डब्ल्यू या अक्षरापुढे आकडा असतो. तो कंपनीनं टाकलेला म्हणून ८८८९ च्या ९ व्या ओळीवर जातो, आणि आपण पगारातून कापून घेतलेले पैसेही त्यातच असतात. सॉफ्टवेअर पुढे विचारतं, "याशिवाय तुम्ही स्वतः काही भरलं का?" माणसं म्हणतात, हो, माझ्याच पगारातून तर गेले, आणि तोच आकडा पुन्हा २ ऱ्या ओळीवर टाकतात. एका रात्रीत दुप्पट! दुसरी चूक म्हणजे जोडीदाराचा प्लॅन कोणत्या महिन्यात होता ते रिकामं सोडणं. मग सॉफ्टवेअर त्याची मर्यादा शून्य धरतं आणि सगळेच पैसे जास्त दाखवतं. लोक घाबरून चांगले पैसे परत काढायला निघतात.

म्हणून रिटर्न जॉइंट असलं तरी ८८८९ दोन हवेत, दोघांचे वेगळे. बायकोच्या दातांचे पैसे तुमच्या खात्यातून गेले असतील तर १०९९-एसए (खात्यातून काढलेल्या पैशांचा दाखला) तुमच्या नावानं येतो आणि खर्च तुमच्या फॉर्मवर दिसतो. ही गुंतागुंत नाही, हीच रचना आहे.

एडिसनकर
दादा, रचना मान्य. पण जे सॉफ्टवेअर पैसे देऊन घेतलं त्यानं एकच प्रश्न विचारावा: "तुम्हा दोघांपैकी कोणाचा प्लॅन फॅमिली आहे का, आणि असेल तर मर्यादा कशी वाटणार?" सामान्य माणूस सूचना वाचत बसत नाही, म्हणूनच सॉफ्टवेअर घेतो.

पंचावन्नच्या_पुढे
एक खातं हा सल्ला आमच्या वयाला चालत नाही. ५५ पूर्ण झाल्यावर प्रत्येकी १,००० डॉलर जास्त टाकता येतात, पण ते स्वतःच्याच खात्यात. आमच्या ह्यांच्या खात्यात माझे १,००० जाऊच शकत नाहीत. मी गेल्या वर्षी त्यासाठीच वेगळं खातं उघडलं, पुढच्या १५ एप्रिलच्या आत भरले की त्या वर्षात धरतात.

बे_एरियातली_गौरी
एडिसनकर, तुम्ही न्यू जर्सीत आहात म्हणून सांगते. न्यू जर्सी आणि आमचं कॅलिफोर्निया, दोन्ही राज्यं स्वतःच्या टॅक्ससाठी एचएसएची सवलत मानत नाहीत. डब्ल्यू-२ वर राज्याच्या पगाराचा आकडा मोठा दिसला तर ती चूक समजून बदलू नका.

एडिसनकर
निशिगंधा, तुमचं पासबुकाचं वाक्य बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, माझं खातं बंद होणार नाही. तेव्हा एका खात्याचा हट्ट मी सोडतो. सॉफ्टवेअरबद्दलचं मत मात्र बदललेलं नाही.

आजच माझ्या खात्यातून ४,३०० आणि त्यावर मिळालेली कमाई "जास्तीची रक्कम परत" म्हणून काढायचा अर्ज भरला. दवाखान्याशी संबंध नसलेला साधा खर्च म्हणून काढले असते तर वर २० टक्के बसले असते. हे पैसे करमुक्त गेलेले असल्यानं आता उत्पन्नात दाखवायचे आहेत. २०२६ची मर्यादा ८,७५० आहे. तिच्या पगारातून ४,४००, माझ्यातून ४,३५०, दोघांच्या एचआरला कळवलं.