नवी मुंबई विमानतळाची धावपट्टी ३७०० मीटर, मग गणितात ९३७ मीटरच का येतात?

खारघर_बारावी: विमानाचं वस्तुमान ७०,००० किलो, दोन्ही इंजिनांचा मिळून रेटा (पुढे ढकलणारा जोर) २१० किलोन्यूटन, उड्डाणवेग ताशी २७० किमी धरला. त्वरण ३ मी/से², अंतर ९३७ मीटर, वेळ २५ सेकंद. कुठे चुकतंय?

यंत्रविद्या_ठाणे: गणित बरोबर आहे, गृहीतकं भाबडी आहेत. ताशी २७० चे ७५ मी/से केलेस हे बरं. बरेच जण थेट २७० घालतात आणि १२ किलोमीटरची धावपट्टी काढून बसतात! वेग वाढतो तसा रेटा घटतो. सरासरी १७० किलोन्यूटन धर. चाकांचं घर्षण ०.०२ × वजन, म्हणजे सुमारे १४. हवेचा विरोध सरासरी १६. उरले १४०. त्वरण २, अंतर ७५² ÷ ४ = १४०६ मीटर, वेळ ३७ सेकंदांच्या आसपास.

वाशी_वारा: उकाडाही धर. १५ ऐवजी ३५ अंशांना हवा साडेसहा टक्के विरळ, त्यामुळे उड्डाणवेग ७७.६ मी/से लागतो. वेगाचा वर्ग असल्याने अंतर ७ टक्के वाढतं, इंजिन मंदावतं ते वेगळंच. उकाडा सोडून मूळचेच ७५ धरले आणि समोरून १० मी/से वारा असेल तर जमिनीवर ६५ पुरतात: १०५६ मीटर.

खारघर_बारावी: मोबाइलच्या त्वरणमापकाने पडताळता येईल?

यंत्रविद्या_ठाणे: येईल, फ्लाइट मोडवर ठेवून. पण नाक उचलल्यानंतरचे आकडे टाकून दे. १० अंश कलाला गुरुत्वाचाच १.७ मी/से² घटक त्यात मिसळतो. आणि धावपट्टी नुसत्या उड्डाणापुरती नसते रे; ऐन वेगात इंजिन बंद पडलं तर थांबायलाही जागा हवी.