ट्रान्झिस्टर चालू होतो, पण रिले ओढला जात नाही

प्रश्न: १२ व्होल्टचा, ४०० ओहम कॉइलचा रिले (कॉइलच्या चुंबकाने ओढला जाणारा स्विच) मी बीसी५४७ ट्रान्झिस्टर वापरून ५ व्होल्टच्या संकेतावर चालवत आहे. बेसला ४७ किलोओहमचा रोधक आहे. रिले ओढला जात नाही आणि कलेक्टर-एमिटरमध्ये ५ व्होल्ट दिसतात. लाभांक (कलेक्टरचा प्रवाह बेसच्या प्रवाहाच्या किती पट) २०० च्या आसपास असताना असे का व्हावे?

उत्तर १: गणित करून पाहा. बेस-एमिटरचे ०.७ व्होल्ट वजा केल्यास बेसमधून जेमतेम ०.०९ मिलिअँपिअर जातो. त्याच्या २०० पट म्हणजे १८ मिलिअँपिअर, आणि कॉइलला तर (१२ व्होल्ट भागिले ४०० ओहम) ३० हवेत. स्विच म्हणून वापरताना छापील लाभांकावर विसंबू नये, कारण संपृक्त, म्हणजे पूर्ण चालू, अवस्थेत तो घसरतो. लाभांक १० धरा, म्हणजे बेसला ३ मिलिअँपिअर, त्यासाठी १.५ किलोओहम लावा.

उत्तर २: बेस अतिशय पातळ असल्याने एमिटरमधून आलेले बहुतेक इलेक्ट्रॉन तिथे होलशी (इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागेशी) संयोग न पावता थेट कलेक्टरकडे खेचले जातात, जे थोडे बेसमध्येच अडकतात, त्यांची भरपाई बेसचा प्रवाह करतो. लाभांक या गुणोत्तरातून येतो, म्हणूनच तो नगागणिक बदलतो. रिले बंद होताना कॉइलमधून उसळणाऱ्या व्होल्टेजपासून ट्रान्झिस्टर वाचवायला कॉइलला उलटा डायोड लावला आहे ना?

प्रश्नकर्ता: रोधक बदलताच रिले ओढला गेला. डायोड मात्र राहूनच गेला होता, आता लावतो.